एक ते तीन

ताटावर बसलेल्या माणसाने ताटाकडे बघावं एवढीही रीत ज्याला उरली नाही, त्याला शिकलेला कसं म्हणायचं, हे गिरणीवाल्या बाईंना कळत नव्हतं. दोन महिने झाले, चिरंजीव घास उचलत, तोंडापाशी नेत आणि तिथेच विसरून जात. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. काय झालं म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं.

"आई, तुला नाही कळायचं."

जणू आई म्हणजे जात्याचा खालचा दगड. पीठ पाडायला हवा, बोलायला नको.

बाई दुसरीपर्यंतच शिकल्या होत्या, हे खरं. पण नवरा गेल्यावर घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी घालून त्यांनी या मुलाला असा शिकवला की तो एका बड्या कंपनीच्या प्रयोगशाळेत इंटरनेटवर संशोधन करू लागला. लोकांच्या घरातलं इंटरनेट कधी बंद पडतं, किती वेळ पडतं आणि कशामुळे पडतं, हे शोधायचं त्याचं काम. त्यासाठी त्याला एकाच गल्लीतली चाळीस घरं हवी होती. प्रत्येक घरात साबणाच्या वडीएवढा एक डबा बसवायचा. तो दर मिनिटाला प्रयोगशाळेला कळवणार, मी आहे, मी आहे. कळवायचा थांबला की समजायचं, त्या घरचं इंटरनेट गेलं.

चार दिवस चिरंजीव गळ्यात ओळखपत्र अडकवून गल्लीत फिरले. लोकांनी त्यांना फेरीवाला समजून दारं लावून घेतली. पाचव्या दिवशी बाई स्वतः निघाल्या. एकेका दाराशी उभं राहून त्या फक्त म्हणत, "माझा मुलगा आहे. डबा लावायचाय." दिवस मावळायच्या आत चाळीस डबे लागले. प्रत्येक घराला नऊ पानी सूचनापत्र मिळालं, ते कोणी वाचलं नाही. आपल्या तोंडाने मुलगा एवढंच बोलला, की डब्याकडे तुम्हाला बघायचीसुद्धा गरज नाही.

हे शेवटचं वाक्य बाईंना झोंबलं. घरात एक जीव दिवसभर राबतो आणि त्याच्याकडे बघायचंही नाही, ही कुठली रीत? तिसऱ्या दिवशी त्यांनी डब्याला हात लावून पाहिला. चांगला तापला होता.

तापणं म्हणजे काय, ते बाईंना कोणी शिकवायला नको होतं. गिरणी घातली तेव्हा मोटर बसवणाऱ्या मिस्त्रीने बजावलं होतं, की बाई, सकाळपासून चालवा, पण एकच्या ठोक्याला बंद करा आणि तीनपर्यंत हात लावू नका, नाहीतर वर्षात जळेल. तेव्हापासून बावीस वर्षं एक ते तीन गिरणी बंद. लग्नघरचं दळण असो की तापट सरकारी साहेबाचं, एकदा एक वाजला की वाजला. पलीकडच्या रस्त्यावरच्या गिरणीवाल्याने दोन मोटरी जाळल्या आणि धंदा विकला. बाईंची मोटर अजून ठणठणीत.

तर बाईंनी एक वाजता डब्याची पिन काढली, वर हातरुमाल पांघरला आणि तीन वाजता पुन्हा लावली. मग दळणाला येणाऱ्या प्रत्येकीला त्यांनी हे समजावून सांगितलं. घड्याळ बघायचीही गरज नव्हती. गिरणीची घरघर थांबली की पिन काढायची, सुरू झाली की घालायची. बाईंचा शब्द गल्लीत सहसा कोणी खाली पडू देत नसे, कारण खाली पडलेला शब्द बाई पुढच्या दळणाच्या वेळी सगळ्यांदेखत उचलून दाखवत.

ऐकला नाही तो एकट्या शिंप्याने. त्याचं शिलाई मशीन दुपारभर एवढं खडखडायचं, की गिरणी थांबली काय नि सुरू झाली काय, त्याला पत्ता नसे. बाईंनी त्याला दोनदा सुनावलं, की अरे, डबा जाळशील आणि माझ्या मुलाला तोंड दाखवायला जागा ठेवणार नाहीस. शिंपी तोंडात सुई धरून हसला.

मुलाला यातलं काही सांगायचं बाईंच्या मनातही आलं नाही. पोळी भाजल्यावर तवा उतरवला, हे कोणी कुणाला सांगतं का?

इकडे प्रयोगशाळेत चिरंजीवांना घाम फुटला होता. चाळीसपैकी एकोणचाळीस घरांचं इंटरनेट रोज दुपारी एक वाजता जात होतं आणि तीनला परत येत होतं. वीज गेली म्हणावं तर वीज कार्यालय म्हणे, या गल्लीत महिनाभर दिवा लुकलुकलेला नाही. रविवारी मात्र काहीच होत नसे. त्या दिवशी गिरणी बंद, त्यामुळे एक कधी वाजला हे गल्लीला कळतच नसे. पण हे चिरंजीवांना कुठे माहीत? त्यांनी निष्कर्ष काढला, की ज्याअर्थी सुटीच्या दिवशी हे घडत नाही, त्याअर्थी कामावरचा माणूस हे करतो. म्हणजे लाइन पुरवणारी केबल कंपनी. गल्लीतून तक्रार का येत नाही, यालाही उत्तर होतं. दुपारी सगळे झोपलेले असतात.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मोठ्या मॅडम. त्यांनी एकदा शंका काढली होती, की लोकच डबा बंद करत नसतील ना?

"मॅडम, एकोणचाळीस घरं रोज एकाच मिनिटाला एकच गोष्ट करतील?" चिरंजीव म्हणाले. "माणसांना इतकी शिस्त नसते."

ते मॅडमना पटलं. शोधनिबंध लिहून झाला, बाहेरगावच्या परिषदेला गेलाही. केबल कंपनीला पत्र गेलं. कंपनी भडकली आणि तिने मुकादम, सहा मजूर आणि खोदाईचं यंत्र पाठवलं.

मुकादमाने गल्लीच्या तोंडापासून बाईंच्या पायरीपर्यंत चर खणला. केबल कुठेच तुटलेली नव्हती, म्हणून त्याने पाण्याचा नळ तोडला. मग चिरंजीवांनीच सुचवलं, की शिंप्याची एकट्याची लाइन टिकते, तर तिच्यात काय वेगळं आहे ते बघा. शिंप्याची भिंत फुटली. बिचारा शिवायला आलेले कपडे उराशी धरून चिखलात उभा राहिला. गल्लीत ज्याने सूचनापत्राप्रमाणे डबा चालवला, तो हा एकच माणूस.

चर ओलांडून दळण घेऊन येणार कोण? गिरणी अर्धा दिवस रिकामी फिरू लागली. पण बाईंना त्याचं दुःख नव्हतं. त्या रात्री मुलाने प्रथमच मान वर करून आईकडे बघितलं आणि त्याचा आवाज फाटला. केबल कंपनी म्हणते दोष दाखवा, नाहीतर कोर्टात या. मॅडम उद्या स्वतः घरी येणार आहेत. दोष दिसला नाही तर प्रकल्प बंद आणि त्याची नोकरीही.

"कोणीतरी मुद्दाम करतंय गं आई. रोज. हाताने."

"हात झडोत त्याचे," बाई कळवळून म्हणाल्या. "माझ्या लेकराच्या तोंडचा घास काढतो मेला."

दुसऱ्या दिवशी साडेबारा वाजता मोठ्या मॅडम चरावरच्या फळीवरून तोल सावरत आल्या. चिरंजीवांनी त्यांना गिरणीमागच्या खोलीत डब्यासमोर बसवलं. मांडीवर संगणक उघडला. पडद्यावर चाळीस हिरवे ठिपके होते, एकेका घराचा एकेक. भिंतीपलीकडे गिरणी घरघरत होती. दोघंही घड्याळाकडे बघत होते.

एक वाजला. गिरणी थांबली. गल्लीत शिंप्याच्या मशीनची खडखड तेवढी उरली. हाताचं पीठ झटकत बाई आत आल्या, पाहुणीकडे बघून मान लववली आणि मुलाला म्हणाल्या, "जरा सरक."

मुलगा सवयीने सरकला. बाईंनी पिन काढली आणि डब्यावर हातरुमाल पांघरला.

पडद्यावर एक ठिपका लाल झाला. मग शेजारचा. मग पाच, मग अकरा, बघता बघता एकोणचाळीस. शिंप्याचा एक तेवढा हिरवा राहिला.

मॅडमनी लाल ठिपके पुन्हा एकदा मोजले. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, "आई, तुम्ही हे काय केलंत?"

बाईंनी सांगितलं. मोटर, मिस्त्री, तापणं, गल्लीला लावलेली शिस्त, सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यांचं लक्ष मुलाच्या तोंडाकडे गेलं आणि रात्री कोणाचे हात झडायला सांगितले होते, ते त्यांना आठवलं. त्यांनी आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मॅडमनी पाणी मागितलं. नळ तुटलेला असल्याने पाणी नव्हतं. मग त्या उठल्या, निबंध परत मागवायला हवा, कंपनीची माफी मागायला हवी, बाकीचं सोमवारी कार्यालयात बोलू, एवढं म्हणाल्या आणि फळीवरून निघून गेल्या. सोमवारी काय बोलणं होणार, ते त्यांच्या पाठीवरूनच कळत होतं.

चिरंजीव गिरणीत येऊन गव्हाच्या पोत्यावर बसले. लहानपणी तिथेच बसून ते अभ्यास करत.

"आई," ते म्हणाले, "दोन महिन्यांत एकदा तरी मला सांगायचंस."

बाई जवळ आल्या. त्याच्या केसांवर बसलेलं पीठ त्यांनी झटकलं. मग त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड वर, दारावरच्या पत्र्याच्या पाटीकडे वळवलं. पाटीवर तैलरंगाची वेडीवाकडी अक्षरं होती. एक ते तीन गिरणी बंद.

"बाबा, मी दुसरी शिकलेली, म्हणून ही पाटी चौथीत असताना तूच रंगवलीस. लिहायला शिकलास तू. वाचायला नाही शिकलास."