कडू चूर्णाचं गोड अनुपान

एका जंगलात एका अस्वलाचं वाटोळं झालं, आणि ते त्यानं स्वतःच्या पंजानं करून घेतलं. अस्वलाचं नाव गुणाजीराव. बाळांनो, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. नाहीतर गोष्ट संपता संपता मोठी माणसं मध्ये पडतात, सगळा दोष मधमाश्यांवर ढकलतात आणि चहाला निघून जातात.

तर गुणाजीराव. वय झालेलं, पोट सुटलेलं, मिशीला कायम मध. हल्ली त्यांना तहान फार लागायची. ओढा निम्मा पिऊन झाला तरी घसा कोरडाच. तळपायांना मुंग्या आल्यासारखं व्हायचं. शेवटी सगुणाकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, त्यांना ढकलत डॉक्टर टिटवीकडे नेलं.

टिटवी वयानं लहान, पण शिकलेली. जंगलात प्रयोगशाळा नव्हती. मुंग्या होत्या. टिटवीनं गुणाजीरावांना एका झुडपामागे पाठवलं आणि मग त्या जागेकडे बघत बसली. बघता बघता मुंग्यांची रांग लागली. लग्नाच्या पंगतीला लागते तशी.

"काका, साखर आहे. भरपूर."

"असणारच," गुणाजीराव म्हणाले. "आमच्या घराण्यातच गोडवा आहे."

"पाय पुढे करा. टोचलं की सांगा."

गुणाजीरावांनी पाय पुढे केला. वाट बघितली. "अगं, टोचतेस कधी?"

"टोचून झालं, काका."

गुणाजीरावांची मिशी खाली आली.

टिटवीनं गोळ्या दिल्या. "रोज घ्यायच्या. मध बंद. रोज चालायचं. आणि पायांकडे रोज बघायचं, कारण काटा रुतला तरी तुम्हाला कळणार नाही. एकदा का आत चिघळलं, तर पाय कापावा लागेल."

अस्वलाचा पाय गेला तर उरलं काय? झाडावर चढणं गेलं. मग ते अस्वल नाही, ती गोधडी. गुणाजीराव मनापासून घाबरले. निमूट गोळ्या घेऊ लागले, मधाच्या झाडाखालून मान खाली घालून जाऊ लागले. झुडपामागच्या मुंग्या कमी झाल्या. टिटवी म्हणाली, "छान. असंच चालू ठेवा."

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण त्या जंगलात एक खडक होता.

त्याला ज्येष्ठांचा खडक म्हणत. ज्यांची कामं संपली ते, आणि ज्यांनी ती कधी सुरूच केली नाहीत तेही, रोज सकाळी तिथे ऊन खात बसत. खडकाचा एक रिवाज होता. तिथे कुणी औषध सुचवलं, तर नाही म्हणायचं नाही. देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर घ्यायचं आणि "बरं वाटतंय" म्हणायचं. नाही म्हटलं तर अपमान. औषध कशावर आहे हे विचारलं, तर मोठा अपमान.

गुणाजीरावांना साखर झाल्याचं कळताच खडक आनंदला. ज्येष्ठांना दुसऱ्याचा आजार म्हणजे पर्वणीच.

"गोळ्या?" माकड गुरुजी ओरडले. गुरुजींनी जंगलाच्या तीन पिढ्यांना शिकवलं होतं, आणि जंगल कसं आहे ते तुम्ही बघताच आहात. "अरे, रसायन आहे ते! एकदा लागली की जन्माची लागली. गुडमार घे. पाला चावलास की गोडाची चवच जाते जिभेवरून."

"आणि जांभळाच्या बियांचं चूर्ण," सायाळ मावशी म्हणाल्या. "मेथी, कारलं, दालचिनी. सगळं घरचं. घरचं कधी बाधत नाही."

रानडुक्कर भाऊसाहेबांनी एक डबी पुढे सरकवली. त्यांचा जावई नदीपलीकडे असे, आणि नदीपलीकडचं सगळं चांगलं असे. "ह्यात क्रोमियम, झिंक, मॅग्नेशियम, शिवाय डी जीवनसत्त्व."

"ह्यातलं मला कमी आहे का पण?" गुणाजीरावांनी विचारलं.

"जास्त झालं तर बिघडतंय का काही?" भाऊसाहेब म्हणाले. "एवढं सगळं एकदम घेतलं की त्यातलं एखादं तरी लागू पडेलच."

ह्याला खडकावर शास्त्र म्हणत.

गुणाजीरावांनी चिमूटभर चूर्ण जिभेवर ठेवलं आणि त्यांचं तोंड सालपटासारखं झालं.

"मधातून घे रे," गुरुजी म्हणाले. "चूर्ण कधी कोरडं घेतात का? अनुपान नको?"

"पण टिटवीनं मध बंद सांगितलाय."

"खाण्याचा मध बंद. हा अनुपानाचा मध. तो औषधाला वाट दाखवतो आणि परत जातो. अंगाला लागत नाही."

बाळांनो, गुणाजीराव मूर्ख नव्हते. ही थाप आहे हे त्यांना त्याच क्षणी कळलं. पण ती वडीलधाऱ्या तोंडातून आली होती आणि तिला मधाचा वास होता. इतकी सोयीची थाप मोडायला फार मोठं काळीज लागतं. गुणाजीरावांचं फक्त पोट मोठं होतं.

गोळ्या बंद झाल्या. मध सुरू झाला. चूर्णं वेगवेगळी, तेव्हा प्रत्येकाचं अनुपानही वेगळं. त्यात गुडमारानं जिभेची चव मारलेली, मग मध गोड लागेना. तो गोड लागेपर्यंत गुणाजीराव वाढवत राहिले.

"अहो," सगुणाकाकू म्हणाल्या, "चूर्ण चिमूटभर आणि मध द्रोणभर, हे कसलं औषध?"

"तुला अनुपानातलं काय कळतं?"

"अनुपानातलं नाही कळत. द्रोण कळतो."

झुडपामागे आता मुंग्या रांगेनं येत नव्हत्या. मोर्चा येत होता. दुसऱ्या टेकडीवरच्या मुंग्या बिऱ्हाड घेऊन आल्या. गुणाजीराव हादरले. धावत खडकावर गेले.

गुरुजींनी मुंग्या बघितल्या आणि टाळी वाजवली. "लागू पडलं! अरे वेड्या, साखर बाहेर पडतेय! इतकी वर्षं साठलेली सगळी निघून चाललीय. त्या गोळ्यांनी मुंग्या कमी झाल्या होत्या, म्हणजे साखर आत कोंडली होती!"

खडक धन्य झाला. सायाळ मावशींनी डोळे पुसले.

टिटवी धापा टाकत आली. "गुरुजी, आत मावत नाही म्हणून ती बाहेर पडतेय! काका, मेथीची भाजी खा, कारलं खा, कोण नको म्हणतंय? पण गोळी का सोडलीत? आणि मध?"

"कालची पोर," भाऊसाहेब म्हणाले.

"टिटवी ओरडली की कुणाचं तरी वाईट होतं," सायाळ मावशी म्हणाल्या. "हाकला तिला."

गुणाजीरावांनी टिटवीकडे बघितलं. मग खडकाकडे. टिटवीचं ऐकायचं तर मध सोडावा लागणार होता. खडकाचं ऐकलं तर सत्कार होणार होता.

सत्कार झाला. गुणाजीराव बाभळीच्या वाटेनं ऐटीत चालत आले, गळ्यात रानफुलांची माळ घालून घेतली आणि निसर्ग ह्या विषयावर बोलले. बराच वेळ बोलले. ते बोलत असताना खडकावर रक्ताची पावलं उमटलेली पहिल्या ओळीतल्या सगळ्यांना दिसत होती. पण भाषण मध्येच तोडणं बरं दिसत नाही.

घरी सगुणाकाकूंनी पाय उचलून बघितला. बाभळीचा काटा पार आत गेला होता.

"दुखत नाही?"

"छे! बघ, किती सुधारणा आहे."

काकू टिटवीला बोलवायला निघाल्या. गुणाजीरावांनी अडवलं. खडकाला कळलं तर? सत्कार नुकताच झालेला. सायाळ मावशींनी हळदीचा लेप पाठवला. पाय आधी सुजला, मग काळा पडला, मग त्याला वास येऊ लागला. तेव्हा काकूंनी कुणालाही न विचारता टिटवीला आणलं.

टिटवीनं बघितलं. ह्या खेपेला तिनं आवाज चढवला नाही. "काका, आता गोळीनं भागणार नाही."

नंतर खडक भेटायला आला. सगळे पायथ्याशी बसले. म्हणजे पाय होता तिथे.

"बघा," भाऊसाहेब म्हणाले, "डॉक्टरकडे गेला आणि पाय घालवून बसला."

"चूर्ण उशिरा सुरू केलंस रे," गुरुजी हळहळले. मग त्यांनी गालातून एक छोटी गोळी काढली आणि पाण्याबरोबर गिळली.

गुणाजीरावांनी ती गोळी ओळखली. "गुरुजी, ही तर टिटवीची."

"हो. मलाही साखर आहे ना."

"मग गुडमार?"

"मी?" गुरुजींना आश्चर्य वाटलं. "अरे, ह्या वयात असले प्रयोग झेपतात का?"

तात्पर्य: मोठ्यांचा शब्द मोडू नये. ते देतील ते चूर्ण चाटावं, ते सांगतील तिथे मान डोलवावी. ते स्वतः काय घेतात ते विचारू नये, त्यांना राग येतो. गुणाजीरावांनी मान राखला. त्यांचा उजवा पाय घोट्यापासून गेला.