भालेरावांची मांडीमागची शीर

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं आणि मी हबकलो. समोरच्या फ्लॅटमधले भालेराव आमच्या दारात पाठीवर आडवे पडले होते आणि त्यांचा एक पाय आमच्या चौकटीला टेकून सरळ वर गेला होता. मला वाटलं, जिन्यावरून पडले. हात द्यायला वाकलो, तर म्हणाले, "थांबा. बावीस झालेत. तीस मोजायचेत."

धायरीतल्या आमच्या इमारतीत त्यांना येऊन जेमतेम चार महिने झाले होते. सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, सडसडीत, मोजकं बोलणारे गृहस्थ. दार कायम लोटलेलं. मांडीमागची शीर आखडली तर आपण तेल चोळून गप्प बसतो. भालेरावांनी तिचा अभ्यास मांडला होता. उजवा पाय टॉवेलमध्ये अडकवून ओढायचा, डावा नुसता चौकटीला टेकवायचा आणि महिन्याभराने कुठला जास्त सैल होतो ते बघायचं. दोन्ही पायांना दोन्ही प्रकार का करत नाही, असं मी विचारलं. "मग कशाने गुण आला ते कसं कळणार?" एवढंच बोलून त्यांनी मला निकालात काढलं.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये टँकरवरून वाद पेटला असताना त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीवर टाच ठेवली आणि कमरेतून खोल वाकले. अध्यक्षांना वाटलं, आपल्यालाच नमस्कार. त्यांनी उठून हात जोडले आणि टँकर बाजूलाच राहिला.

मग एका रविवारी भालेरावांनीच माझी बेल वाजवली. तिसऱ्या प्रकाराला दुसरा माणूस लागत होता. त्यांच्या हॉलमध्ये सतरंजीवर ते आडवे झाले. त्यांनी टाचेने माझा खांदा रेटायचा, मग पाय सैल सोडायचा, की मी तो आणखी पुढे ढकलायचा. मी बेताबेताने ढकलत होतो.

"जोर लावा," ते म्हणाले. "मी सांगेपर्यंत थांबू नका."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तरी सांगेनात. शेवटी एकदाचं 'बास' म्हणाले. या वयात कुठल्या स्पर्धेत उतरताय, असं मी हसून विचारलं. ते उठले आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेले.

पलंगावर त्यांच्या पत्नी होत्या. मी दारातच थबकलो. इतके महिने मी त्यांना एकटे समजत होतो. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, पाय गुडघ्यात आखडत चालले होते. व्यायाम शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येत, बाकीचे दिवस भालेराव स्वतः करत.

"दुखलं तरी हिला सांगता येत नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "म्हणून आधी माझ्यावर करून बघतो."

त्यांनी पत्नीचा पाय दोन्ही हातांत घेतला आणि जपून उचलला. मघाशी त्यांच्या स्वतःच्या पायाला जिथे ताण सुरू झाला होता, तिथेच ते थांबले. नजर पूर्ण वेळ पत्नीच्या चेहऱ्यावर.

"सुमन, हे समोरचे. यांनी आत्ता मला चांगलंच पिळून काढलं."

सुमनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ओठांची एक बाजू हलकेच वर गेली. मला आधी कळलंच नाही की त्या हसताहेत.

भालेरावांनी त्यांचा पाय अलगद पलंगावर टेकवला. मग माझ्याकडे न वळता म्हणाले, "उद्या वेळ असेल तर या. हिला माणसं आलेली आवडतील, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं."