अंधारातली हजेरी

आमचे रज्जाक मास्तर हजेरी घ्यायचे ती फक्त लाइट गेल्यावर. उजेडात कोण आलं, कोण गेलं, याची त्यांना काही पडलेली नसायची.

लोहाऱ्यातली आमची शेड शाळेचे गणवेश शिवायची. पांढऱ्या शर्टांवर धूळ बसू नये म्हणून मास्तरांनी खिडक्यांना पत्रे ठोकलेले, दारही लोटलेलं. लाइट गेली की भर दुपारी डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही. मास्तर कटिंग करायचे. कापडाच्या ताग्याला "साहेब, जरा सरका" म्हणायचे आणि आम्हा बायकांना "ए येडे!"

पहिल्याच दिवशी माझी बोबडी वळली. लाइट गेली, मशिनांचा गलका एकदम थांबला आणि काळोखातून आवाज आला, "सुनंदा?"

कोपऱ्यातलं मशीन बोललं, टक्.

"शमीम?"

दुसरं मशीन, टक्.

मी शेजारच्या गंगामावशींचा हात धरला. "मावशी, या कुठं बसतात?"

"सुनंदा सोलापूरला गेली, शमीम हैदराबादला," मावशी म्हणाल्या. "तिकडं म्हणं लाइट जात न्हाय."

मी खंडोबाचा धावा सुरू केला. लाइट आली तेव्हा मास्तर अनवाणी, शमीमच्या मशीनच्या चाकावर हात ठेवून उभे होते.

"चाक फिरवलं न्हाय तर मशीन जाम व्हतंय," ते मलाच रागावले. "आन् नाव न घेता फिरवलं तर त्याला वाटंल, बाई बदलली!"

कपाळ माझं!

गेल्या उन्हाळ्यात तर लाइटनं ताळच सोडला. लाइट नाही तर शिवण नाही आणि शिवण नाही तर मजुरी नाही. अठरा मशिनांवर आम्ही पाचजणी उरलो. हजेरी मात्र अठराजणींचीच. आम्ही "हाय" म्हणायचो, बाकीची मशिनं टक् म्हणायची. हळूहळू त्या टक्-टक्नं माझ्या अंगावर काटा येईनासा झाला, याचीच मला जास्त भीती वाटू लागली.

मलाही पुण्याच्या कारखान्यात काम मिळालं. तिथं जनरेटर होता. मास्तरांना तोंडावर सांगायची छाती होईना. म्हटलं, लाइट गेली की पिशवी उचलायची आणि गुमान सटकायचं.

दुपारी लाइट गेली. मी भिंत चाचपत दाराकडं निघाले. मागं हजेरी सुरू झाली. नावं झाली, टक् झाले.

"मंगल?"

मी आणखी दोन पावलं दाराकडं सरकले.

"मंगल?" आता आवाज अगदी कानाशी होता. मास्तर दारातच उभे होते.

"बाकीच्या बी अशाच गेल्या बेटा," ते हळूच म्हणाले. "लाइट गेली तवा हुत्या, आली तवा न्हवत्या. म्हणून तर हाका मारतो." मग म्हणाले, "जायचं तर जा. म्या अडवत न्हाय. पर लाइट आल्यावर जा. एकीचं तरी तोंड बघू दे जाताना."

मला रडू फुटलं. पिशवी मांडीवर घेऊन मी तिथंच उंबऱ्यावर बसले. उभ्या जन्मात पहिल्यांदाच वाटलं, लाइट येऊ नये.

मेली लगेच आली.