माने साहेबांची पोच

माने साहेब समोरच्या टपरीवर फोन करून चहा सांगतात तोही असा: "माने बोलतोय. सातारा ऑफिस. विषय चहा. नग दोन, एक बिनसाखरेचा. मजकूर समाप्त. पोच द्या."

"व्हय साहेब," टपरीवाला बापू म्हणतो.

"व्हय ही पोच न्हाई. काय समजलं ते सांग."

बापू सगळं परत म्हणतो आणि दोन्ही चहांत साखर घालून पाठवतो.

साहेब फौजेत सिग्नलला, निरोप पोचवण्याच्या खात्यात, होते. निवृत्तीनंतर आमच्या दूध संघात आले. सांगली केंद्रावरची दुधाची नोंद साताऱ्याच्या कॉम्प्युटरवर आणणारी वेब सर्व्हिस त्यांनी स्वतः शिकून बांधली. तिचा स्वभाव त्यांचाच. एक आकडा पाठवायचा तरी आधी लखोटा, त्यावर नाव-गाव, आत ठरल्या साच्यातला मजकूर. सांगलीने एकदा ओळख पटवली की बोलणं संपेपर्यंत सातारा ती लक्षात ठेवणार.

मी कुंडलचा, घरातला पहिला पदवीधर. साहेबांनी मला शेजारी बसवून काम शिकवलं. आणि संघाने मला पहिलं काम दिलं ते त्यांचीच सर्व्हिस काढून रेस्ट नावाची नवी, सुटसुटीत पद्धत बसवण्याचं. त्याला साहेबांची सही हवी होती. ते ती देईनात.

"तुझ्या रेस्टला लखोटा न्हाई?"

"नाही साहेब. प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता असतो. तिथं जाऊन 'दे' किंवा 'ठेव' म्हणायचं. मजकूर चार ओळींचा."

"आन् मागचं बोलणं?"

"समोरचा ते लक्षात ठेवत नाही. आपण कोण, काय हवंय, दर वेळी नव्यानं सांगायचं."

"म्हंजे सकाळी भेटलेला दुपारी अनोळखी. असल्याशी कामं करायची व्हय रं?"

"काम अडत नाही साहेब. आपण पूर्ण सांगितलं की झालं."

साहेबांनी सहीचा कागद तसाच माझ्याकडे परत सरकवला. मला वाटलं, दुखावले.

शनिवारी जोडणी तपासायला आम्ही एसटीने सांगलीला गेलो. सगळं नीट चाललं, तरी सहीचं नाव नाही. "आधी घरी चहा," ते म्हणाले. त्यांचं घर तिथंच. त्यांच्या पत्नीसोबत, म्हणजे काकूंसोबत, काकूंची बहीण राहते, साहेब सुट्टीला जातात.

काकू दारात खुर्चीवर होत्या. "कोण आपण?"

साहेब चपला काढून ताठ उभे राहिले. "माने बोलतोय. तुझा नवरा. साताऱ्याहून आलोय. विषय चहा. घेणार?"

"घेईन की," काकू हसल्या.

साहेबांनी स्वतः चहा केला. कप पुढे धरला, तर काकू पुन्हा, "कोण आपण?"

"माने बोलतोय. तुझा नवरा. साताऱ्याहून आलोय." आवाज तोच, एक शब्द कमी नाही.

"आमचे मालक येतील एवढ्यात. त्यांनाबी ठेवा थोडा."

"ठेवलाय."

परतताना एसटी स्टँडवर साहेबांनी कागद मागून घेतला आणि गुडघ्यावर ठेवून सही केली.

"एकच ध्यानात ठेव गड्या. समोरचं विसरतंय म्हणून आपण कवा अर्धं सांगायचं न्हाई. पोच दे."

मी सगळं परत म्हणून दाखवलं.