पाठीवरच्या काड्या

"वीतभर. त्याच्यापुढे तसूभर जरी वाढला, तर ज्या पिशवीतून आला त्याच पिशवीतून परत दुकानात," प्लेको घरात आला त्याच दिवशी आईने बजावलं होतं. तिचंही बरोबरच होतं. माशाची टाकी ठेवली होती बाबांच्या कापडं बेतायच्या टेबलाच्या टोकाला, आणि तिथेच बसून आई काजं-बटणं करायची.

प्लेको म्हणजे तोंडाने काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा. "बुटकी जात आहे, ताई," दुकानदार म्हणाला होता. लेक प्राणिशास्त्राची पदवीधर; तिने जाणकारासारखी मान डोलावली. तिथेच घोड्याने पेंड खाल्ली. करंगळीएवढा चिकटराव चार महिन्यांत वितीला येऊन टेकला.

"पिल्लं सगळ्या जातींची सारखीच दिसतात गं," ती आईला म्हणाली. "पाठीवरच्या पराच्या काड्या मोजायच्या. सात-आठ असल्या तर बुटका. बारा-तेरा असल्या तर दीड फुटी."

"मग मोज की. शिकलीस कशाला?"

चिकटराव मिटल्या छत्रीसारखा पर पाडून बसलेला. लेकीने काकडीची चकती सोडली. तो सरसावला, पर फुलला. तिने मोजल्या. तेरा. पुन्हा मोजल्या. तेराच.

"किती?"

"सात." निरीक्षण एक आणि नोंद दुसरी, असं तिने जन्मात पहिल्यांदाच केलं.

आईने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "अहो, जरा इकडे या. तुम्ही मोजा."

तीस वर्षांत बाबांच्या हातून झग्याची एक चुणी कमी-जास्त झाली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, टाकीपुढे वाकले. चिकटरावाने नेमका पंख्यासारखा पर उघडला.

"सात," बाबा म्हणाले आणि घाईने मशीनवर जाऊन बसले. सुईत दोरा काही केल्या जाईना.

"बरं झालं बाई," आई म्हणाली. तिने बाबांच्या गळ्यातला टेप काढून घेतला आणि टेबलाला लावला.

"आता काय मोजतेस?" बाबांनी वर न बघता विचारलं.

"चार फुटी टाकी बसते का ते. दुकानदाराला कालच सांगून ठेवलीय."

"कालच?" लेक म्हणाली.

"काकडी रोज कोण घालतं त्याला? माझ्यापुढे पर फुलवूनच बसतो तो." आईने टेप गुंडाळला. "तेरा आहेत. म्हटलं, घरात एक शिंपी, एक पदवीधर. बघू, कुणाला मोजता येतं का."