उजव्या शेडच्या कोंबड्या

साल होतं एकोणीसशे एक्क्याऐंशी. कृषी संशोधन केंद्रात तेव्हा कॅल्क्युलेटर एकच होता आणि तो साहेबांच्या कपाटात कुलपात असे. त्यामुळे अंडीबाई सरासऱ्या कागदावरच काढत. अंडीबाई हे काही त्यांचं नाव नव्हे. पण एकोणीस वर्षं अंडी फोडून बलकाचा रंग बघणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? या एकोणीस वर्षांत त्यांनी दुसऱ्यांच्या नावावर अकरा अहवाल लिहून दिले होते. बारावा मात्र त्यांच्या स्वतःच्या नावावर निघायचा होता, आणि तेवढ्यासाठीच त्या दुखऱ्या गुडघ्यांनी रोज सकाळी शेडपर्यंतची चढण चढत होत्या.

प्रयोग साधा होता. डाव्या शेडमधल्या शंभर कोंबड्यांना खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांची पूड मिसळून द्यायची, उजव्या शेडमधल्या शंभरांना नुसतं साधं खाद्य. रंग मोजायला पंख्यासारख्या उघडणाऱ्या पंधरा पट्ट्या होत्या. एक नंबरची फिकट पिवळी, पंधरा नंबरची गडद नारिंगी. साध्या खाद्यावरचा बलक इतकी वर्षं सहावर अडून बसला होता. पुडीने तो दहावर न्यायचा होता.

महिना झाला. बाईंनी डावीकडचं अंडं फोडलं. दहा! बाई गुडघे विसरल्या. मग उजवीकडचं फोडलं. तेही दहा. गुडघे पुन्हा आठवले.

"चष्मा बदला," साहेब म्हणाले. कुठलीही अडचण आली की साहेबांना आधी दुसऱ्याचे डोळे आठवत.

बाईंनी चष्मा बदलला. दहा आता जास्त स्पष्ट दिसू लागला. मग त्या दोन वाट्यांत दोन बलक घेऊन घरी गेल्या आणि नुकत्याच कचेरीतून आलेल्या नवऱ्यापुढे ठेवल्या.

"अहो, जरा रंग सांगा."

"पिवळा."

"किती नंबरचा पिवळा?"

"अगं, दिवसभर आकडेच बघून आलोय. आता पिवळ्यालाही आकडा?" तरी त्यांनी पट्ट्या हातात घेतल्या, दिव्याखाली धरल्या, आणि दोन्ही वाट्यांशेजारी दहाचीच पट्टी ठेवली. "आता हे खायचं, का फायलीत लावायचं?"

मग बाईंना वाटलं, टोपल्यांची अदलाबदल होत असेल. त्यांनी स्वतः वाकून वाकून प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण केली. दहाच. मग वाटलं, कोंबड्याच इकडून तिकडे उड्या मारत असतील. सुतार बोलावला. तो आठ दिवसांनी आला, आणि दोन शेडच्या मधली कमरेएवढी जाळी त्याने छतापर्यंत वाढवून ठोकली. त्या ठोकाठोकीने कोंबड्या एवढ्या बिचकल्या की पाच दिवस एकीनेही अंडं दिलं नाही. याही बाबतीत दोन्ही शेडमध्ये फरक आढळला नाही.

"सोमवारी तपासणी समिती येतेय," साहेब म्हणाले. "साध्या खाद्यावरही दहाच येतोय, म्हणजे तुमच्या पुडीचा काही उपयोग नाही. प्रकल्प गुंडाळू. तुम्हालाही जरा विश्रांती."

बाईंना विश्रांती हवी होती, पण असली नको होती.

सोमवारी त्या तासभर आधीच आल्या. शेडच्या मागे मावशी बसल्या होत्या. केंद्रातल्या कोंबड्यांना खाऊ घालायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच होतं. समोर भलंमोठं घमेलं, शेजारी दोन रिकामी पोती, आणि मावशींचे हात कोपरापर्यंत खाद्यात.

"मावशी! हे काय चाललंय?"

"कालवतेय."

"दोन्ही पोती एकत्र?"

"मग? रोजच कालवते. नीट नाही कालवलं, तर एकीच्या वाट्याला जास्त जातं."

बाई उपड्या बादलीवर बसल्या. "अहो, मी सांगितलं होतं ना, लाल दोरीचं पोतं फक्त डावीकडे?"

"सांगितलं होतंत की. दोन दिवस दिलंही तसं. पण उजवीकडच्या जाळीला चोची लावून बघत बसायच्या हो! मी पाच पोरं वाढवलीत, बाई. एकाला वाढायचं नि शेजारच्याला बघत ठेवायचं, असला पंक्तिप्रपंच माझ्याच्यानं नाही होत."

"त्या काय उपाशी होत्या? पोटभर साधं खात होत्या!"

"साध्याला कोण नाही म्हणतंय? पण शेजारून वास येतो ना."

"मग मला सांगायचं तरी!"

"तुम्ही आधीच एवढ्या दमलेल्या. म्हटलं, कशाला आणखी डोक्याला ताप?"

रागवायचं तर अंगात बळ लागतं. बाईंपाशी ते नव्हतं. त्या तशाच उठल्या आणि साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. साहेबांनी दार लोटून घेतलं.

"उजवीकडच्या आकड्यांचे सहा करून टाका. पूड पास, तुमचा अहवाल पास. कोणाला कळतंय?"

बाईंनी वही उघडली. पेन उचललं. आपलं नाव छापलेलं कसं दिसेल, हेही त्यांना एकदा दिसलं. पण एकोणीस वर्षं सहाला सहाच लिहिणाऱ्या हाताला दहाचा सहा करता येईना. त्यांनी पेनला टोपण लावलं.

समितीचे अध्यक्ष त्या आठवड्यात चौथं केंद्र तपासत होते आणि उघड्या डोळ्यांनी झोपल्यासारखे दिसत होते. बाईंनी पोती, घमेलं, मावशी, सगळं जसंच्या तसं सांगितलं. साहेब छताकडे बघत राहिले. अध्यक्ष हळूहळू जागे झाले.

"म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला अर्धीच पूड आली?"

"हो."

"आणि पूर्वी बलक सहाच असायचा?"

"एकोणीस वर्षांच्या वह्या आहेत, सर."

"मग अर्ध्या पुडीत काम होतंय, तर पूर्ण घालायची कशाला?"

साहेबांनी छतावरून नजर खाली आणली. "मी हेच म्हणत होतो," साहेब म्हणाले.

प्रयोग नव्याने मंजूर झाला, बाईंच्याच नावावर. या वेळी शेड तीन: एकीला पूर्ण पूड, एकीला अर्धी, एकीला अजिबात नाही. मावशींनी पहिल्या दोन शेडच्या किल्ल्या घेतल्या आणि बिनपुडीच्या तिसरीची बाईंच्या हातात ठेवली.

"हिला तुम्हीच वाढा. मला बघवायचं नाही."

नऊ आठवडे तिसऱ्या शेडला बाईंनी स्वतः खाद्य घातलं.

साहेबांना पुढे बढती मिळाली; ते मोठ्या केंद्रात गेले आणि कॅल्क्युलेटरही सोबत घेऊन गेले. अध्यक्ष निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात त्यांनी म्हणे मावशींचीच गोष्ट सांगितली. बाईंच्या नवऱ्याने शेवटपर्यंत अंडं फोडलं की आधी "आज आठ" किंवा "आज सात" म्हटल्याशिवाय घास घेतला नाही. बाईंचा अहवाल छापून आला आणि अर्धी पूड पुरते, हे सगळ्यांनी मान्य केलं. त्यांचा पांढरा कोट पुढे कित्येक वर्षं घरात खुंटीवर होता. त्याच्या उजव्या खिशाला आतून झेंडूचा पिवळा डाग होता, तो काही केल्या निघाला नाही.

त्या अहवालात चौतिसाव्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत एक टीप आहे: तिसऱ्या शेडमधील बलक सहा अपेक्षित असताना सात आढळला, कारण अज्ञात.

मावशींनी म्हातारपणी नातीकडून ती टीप दोनदा वाचून घेतली.

"सातच?" त्या म्हणाल्या. "मूठ लहान होती बाईंची."