तुंगाबाईंनी नाकानं पाहिलेलं घर

"पोहे खाऊन का कुठं घराची पारख होते? पाहुणे येणार म्हटल्यावर हडळसुद्धा अंगण सारवून बसेल!" असं तुंगाबाईंचं ठाम मत होतं. तशी मतं त्यांना पुष्कळ होती. बिर्याणीच्या नुसत्या वासानं बुद्धी जड होते, शेरवानी घालणारा माणूस घरी वाकून ताट उचलत नाही, आणि हैदराबादेत कुणी 'परसों येतो' म्हणालं की वर्षभर त्याचं तोंड दिसत नाही!

मुली पाहण्याची त्यांची रीत वेगळी. न कळवता जायचं, झटका, म्हणजे छपराची घोडागाडी, दाराशी उभा करायचा, आणि पडदा गच्च ओढून आतूनच ऐकायचं, हुंगायचं. "डोळे फसवतात, नाक फसवत नाही!" या नाकानं आजवर पाच स्थळं नापास केली होती. त्यांचा एकुलता एक मुकुंद, सरकारी दफ्तरात चांगला चिकटलेला, एकोणतीस वर्षांचा होऊन बसला होता.

सहावं स्थळ अंबरपेठेतलं, विमल नावाची मुलगी. मुकुंदानं तिला एका लग्नात पाहिलं आणि पार विरघळला. "आई, हिला नापास केलंस तर मी जन्मभर असाच राहणार!" त्यानं सांगूनच टाकलं.

हैदराबादेत तेव्हा कचेऱ्यांना सुट्टी शुक्रवारी असे. त्या दिवशी जेवणं आटोपल्यावर तुंगाबाई जामबागेतल्या घरून निघाल्या. "मी घर पाहून येते. तुम्ही दोघं गप पडून राहा!" वकील व्यंकटराव "हं" म्हणाले. तीस वर्षांच्या संसारात ते 'हं'च्या पुढं फारसे गेलेच नव्हते.

झटका कासिममियांचा, रोज वकीलसाहेबांना कचेरीतून घरी आणणारा.

"घर आलं की हाक मारायची नाही. नुसतं उभं राहायचं!"

"हौ माँजी."

दोन वळणं झाली आणि पुढून घोरणं ऐकू आलं. झटकेवाल्यांची जातच झोपाळू, असं मत बनवता बनवता तुंगाबाईंचाही डोळा लागला.

झटका थांबला तशा त्या सावरून बसल्या आणि नाक पडद्याला लावलं. पहिलाच वास करपलेल्या दुधाचा! मग एक भांडं धाडकन कोसळलं, आणि त्यावर पुरुषांचं खो खो हसणं! दूध उतू गेल्यावर हसणारं घर त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात एक बाप्या भर दुपारी खडा आवाज लावून गायला लागला. तानांवर ताना! तोंडात बकाणा भरलेलं कुणीतरी "आंखी येक!" म्हणत होतं.

"होऊन जाऊ दे!" गाणारा गरजला. "बाईसाहेब घरात नाहीत तोवर आपलंच राज्य!"

तुंगाबाईंनी ताडकन निकाल दिला. बाईची पाठ वळताच घर इतकं खूष होतं? म्हणजे बाई महाकजाग! आणि लेक आईच्याच वळणावर जायची. मुकुंदाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढं आला. पण जन्माचा प्रश्न होता.

"कासिम, फिरव झटका!" म्हणत त्यांनी पडदा दूर सारला.

समोर त्यांनीच सकाळी काढलेली रांगोळी होती. त्यांचंच जांभळं लुगडं वाळत होतं. आणि ओसरीवर, करपलेलं पातेलं मांडीत घेऊन, तान अर्धी सोडलेले व्यंकटराव बसले होते!

कासिममियां दचकून जागे झाले. "क्या हुआ माँजी? घरकू तो आ गये!" घोडा शांतपणे शेपटी हलवत होता. त्याला रोजचा एकच रस्ता ठाऊक.

मुकुंद तोंड पुसत धावत आला. "एवढ्यात आलीस? आई, कसं वाटलं घर?" पोराचा जीव नुसता डोळ्यांत आला होता.

तुंगाबाईंनी एकदा पातेल्याकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. इतकं गोड गाणारा माणूस आपल्या घरात आहे, हे त्यांना आजच कळत होतं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "माणसं हसतीखेळती आहेत. मुहूर्त काढा."

मुकुंदानं उडीच मारली. "आणि घरातली बाई कशी आहे गं?"

तुंगाबाई पदर सावरत हळूहळू खाली उतरल्या.

"बाई जरा कजाग आहे. पण मनानं वाईट नाही हो!"

"हं," व्यंकटराव म्हणाले.